कोटणीसांचं घर

जून २०२०. गलवानमध्ये आपले २० जवान गेले, तेव्हा मी भूमला घरूनच ऑफिसचं काम करत होतो. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो तो चिनी अॅप उडवल्याचे स्क्रीनशॉट टाकत होता. मीही टाकला. २९ जूनला सरकारनंच ५९ अॅपवर बंदी घातली. त्या गदारोळात कुणीतरी सोलापूरच्या डॉ. कोटणीस स्मारकाचा फोटो टाकला. त्याखाली एका मित्रानं लिहिलं, "चीनसाठी मेलेल्या माणसाचं स्मारक आपण कशाला सांभाळायचं?"

त्याचा धाकटा भाऊ तेव्हा लडाखमध्ये तैनात होता. ग्रुप गप्प झाला. मलाही उत्तर सुचलं नाही. कोटणीसांवर व्ही. शांतारामांचा एक जुना सिनेमा आहे, एवढीच माझी माहिती. मग रात्री काम संपलं की मी वाचत बसू लागलो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. डॉक्टरकी शिकले मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं, निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीनं निघाले.

त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपलं भूम निजामाच्या राज्यात, बार्शी आणि सोलापूर इंग्रजांकडे. आज एसटीत बसून डुलकी काढत आपण जे अंतर कापतो, त्यात तेव्हा एक सरहद्द लागायची. देश स्वतःच पारतंत्र्यात, आणि तरी परक्या देशातल्या जखमींसाठी इथले लोक पैसे नि डॉक्टर पाठवत होते.

चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. घरी परतायची मुभा होती. ते परतले नाहीत. १९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला गेलं, आणि पुढे कोटणीस थेट उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर. तिथे पक्कं हॉस्पिटल असं नसायचंच. जपानी फौजा जवळ आल्या की जखमींसकट सगळं उचलायचं, दुसऱ्या गावात मांडायचं. १९४० च्या एका लढाईत त्यांनी तब्बल ७२ तास न थांबता शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात.

त्याच भागात त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष रक्तात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये संचालक झाले. तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कामाचा ताण आणि वरचेवर येणारे फिट्सचे झटके. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, कोटणीस गेले. पथकातले बाकीचे चौघे भारतात परतले.

इथे कथा संपली असती तर मित्राला उत्तर देणं सोपं होतं. पण वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच चीनशी आपलं युद्ध झालं. यिनहुआ तेव्हा वीस वर्षांचा होता. तोही १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. दोन देशांची नावं एकत्र बांधलेला तो मुलगा त्या वर्षी काय विचार करत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. भारतात आलेले अनेक चिनी नेते कोटणीस कुटुंबाला भेटले आहेत. २०१४ मध्ये शी जिनपिंगही त्यांच्या बहिणीला भेटले होते. सहा वर्षांनी गलवान झालं. भेटींनी सरहद्द शांत राहत नाही, हे मित्राचं म्हणणं खोटं नव्हतं.

लॉकडाउन सरल्यावर मी त्याला म्हटलं, चल, एकदा बघून तर येऊ. सकाळच्या एसटीनं बार्शी, तिथून वैरागमार्गे सोलापूर. कोटणीसांचं राहतं घरच आता स्मारक आहे. आम्ही फोटोंपुढून हळूहळू चालत गेलो. मित्र फार बोलला नाही. एका फोटोपाशी थांबून एवढंच विचारलं, "बाप गेला तेव्हा पोरगं केवढं होतं रे?"

"साडेतीन महिन्यांचं."

तो जरा वेळ उभा राहिला. मग बाहेर येऊन त्यानं भावाला फोन लावला. लागला नाही. परतीच्या एसटीत वैराग येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा लावत होता.