मोबाईल आणि पक्षीओळख : परिसरातील अनौपचारिक शिक्षण

अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि परीक्षा यांच्या चौकटीबाहेर, दैनंदिन व्यवहारात सहजगत्या होणाऱ्या ज्ञानप्राप्तीस ‘अनौपचारिक शिक्षण’ म्हणतात. मोबाईलमुळे हे शिक्षण अंगणात, शेताच्या बांधावर किंवा फेरीबोटीच्या धक्क्यावरही शक्य झाले आहे. पक्षीओळख हे त्याचे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने २०१४ मध्ये ‘मर्लिन’ हे विनामूल्य अ‍ॅप उपलब्ध केले. पक्ष्याचा आकार, रंग, दिसल्याचे ठिकाण व हालचाल यांवरून ते संभाव्य जाती सुचविते. २०२१ मध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय त्यात आली. मोबाईलने टिपलेल्या आवाजाचे आलेखात रूपांतर होते आणि ज्ञात आवाजांच्या आधारे पक्ष्याचे नाव सुचविले जाते. प्रदेशाचा माहितीसंच आधी उतरवून घेतल्यास रेंज नसलेल्या रानातही अ‍ॅप चालते.

कानाने पक्षी ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. पावशाच्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तशा आवाजामुळे एका पक्ष्याला ‘तांबट’ हे नाव मिळाले. अशी नावे आणि त्यांमागचे संकेत वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून पुढच्या पिढीकडे येत. हा संवाद खुंटला, तर पक्षी ओळखू येईल. पण त्याचे आपल्या भाषेतील नाव हरवेल.

या शिक्षणाचा लाभ शास्त्रालाही होतो. त्याच प्रयोगशाळेशी निगडित ‘ई-बर्ड’ या २००२ पासूनच्या उपक्रमात सामान्य निरीक्षक नोंदी करतात. भारतातील अशा सुमारे ३ कोटी नोंदींच्या आधारे २०२३ च्या राष्ट्रीय अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. त्यांपैकी १७८ जातींच्या संवर्धनास उच्च प्राधान्य देण्याची गरज दिसून आली.

तथापि, अ‍ॅपने दिलेले नाव हा केवळ तर्क असतो. इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करणारा भृंगराज यंत्रालाही फसवू शकतो. म्हणून पक्षी प्रत्यक्ष पाहूनच नोंद करावी. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये, तसेच घरट्यांची ठिकाणे जाहीर करू नयेत. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य असो वा घरामागील कुळागर, मोबाईल नाव सुचवील. निरीक्षणाची सवय मात्र आपणच लावून घ्यावी लागते.