टिक मारण्यापूर्वी

गेल्या सोमवारी हापिसात ॲडमिनवाल्यांनी एक चेकलिस्ट हातात दिली. प्रत्येक मजल्यावर एक 'फायर वॉर्डन' असतो, यावेळी माझा नंबर लागला. 'जिन्याचा दरवाजा उघडतो का?' या प्रश्नापुढे मी खुर्चीत बसूनच टिक मारली. रोज लिफ्टने ये-जा करणाऱ्याला जिना कशाला आठवतोय! मग बुधवारी रात्री सहज या विषयावर वाचत बसलो आणि झोप उडाली.

न्यूयॉर्क, २५ मार्च १९११. शनिवार, सुटायची वेळ. दहा मजली ॲश बिल्डिंगच्या वरच्या तीन मजल्यांवर 'ट्रँगल शर्टवेस्ट' हा बायकांचे ब्लाऊज शिवण्याचा कारखाना होता. कामाला बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुली. आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्यावर, जिथे मालक बसत, तिथे फोन गेला. नवव्याला कुणी कळवलंच नाही!

नवव्या मजल्याला जिने दोन. एकीकडे आग, दुसरीकडे दरवाजाला कुलूप. कुलूप का? तर सुटताना सगळ्यांनी एकाच दाराने जावं, म्हणजे पर्स तपासता येते, माल चोरीला जात नाही. बाहेरची लोखंडी शिडी माणसांच्या वजनाने कोसळली. बंबवाल्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जीव गेले. इमारत मात्र 'फायरप्रूफ'. ती आजही उभी आहे, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ताब्यात.

सगळ्यात लागलं ते पुढचं. तपासणी झालेली होती! १९०९ मध्येच मॅककीऑन नावाच्या तज्ज्ञाने कारखाना पाहून आगीची ड्रिल घ्यायला सुचवलं होतं. त्याच्या सांगण्यावरून पोर्टर नावाच्या इंजिनिअरने मालकांना पत्रही लिहिलं. उत्तर आलं नाही.

डिसेंबर १९११ मध्ये मालक निर्दोष सुटले. दार बंद असल्याचं त्यांना त्या क्षणी माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही. त्यातल्याच एका मालकाने १९१३ मध्ये दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दार बंद ठेवलं. दंड किती? २० डॉलर.

पण त्याच वर्षी, १९११ मध्ये, राज्याने एक चौकशी आयोग नेमला होता. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स त्याच्या कामात होत्या (याच पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या). आयोगाचे अध्यक्ष सिनेटर वॅग्नर यांना त्यांनी कागद दाखवले नाहीत. एका कारखान्याच्या भिंतीतल्या भोकातून त्यांना चक्क रांगत बाहेर जायला लावलं. बाहेर बर्फाने माखलेली शिडी, तीही जमिनीपासून बारा फूट वरच संपलेली. कागदावर तिचं नाव 'फायर एस्केप'! पुढे ड्रिल, स्प्रिंकलर, कामाच्या वेळी उघडी दारं यांचे कायदे राज्याने धडाधड केले.

गुरुवारी उठून मी आमच्या जिन्याकडे गेलो. दारापुढे मोडक्या खुर्च्या, दाराला कुलूप. सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "साहेब, लोक कार्ड स्वाईप न करता इथून सटकतात ना, म्हणून."

टिक खोडली आणि ॲडमिनला मेल टाकला. आज रविवार. उत्तर अजून आलेलं नाही. उद्या त्यांना हाताला धरून तिथे नेणार आहे.