जबडा नको, शेपूट टिपा!

आज जाऊया अंटार्क्टिकाला, विल्हेल्मिना बे मध्ये. उन्हाळ्यात हम्पबॅक देवमासे इथे क्रिल खायला येतात. बुडबुड्यांचं कडं करून क्रिल एकत्र कोंडायचं आणि जबडा उघडून खालून वर यायचं. जहाजावरचे सगळे कॅमेरे त्या जबड्यावर! पण खरा कामाचा फोटो त्यानंतरचा, बुडी मारताना वर येणाऱ्या शेपटीचा. तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे.

१९०४ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेनचं शिकार केंद्र सुरू झालं. तेव्हा देवमाशाची नोंद व्हायची ती तेलाच्या पिंपांत. दक्षिण गोलार्धात हम्पबॅकच्या शिकारीवर बंदी यायला १९६३ उजाडलं. मग १९७० च्या दशकात संशोधक शेपटीच्या फोटोंवरून एकेक देवमासा ओळखू लागले.

२०१८ मध्ये, मी बीटेकला असताना, कॅगलवर हॅपीव्हेलची स्पर्धा होती: शेपूट बघून देवमासा ओळखा. माझं मॉडेल सपशेल आपटलं, कारण कित्येकांचा एकच फोटो होता. तेव्हा कळलं, कुणा प्रवाशाने काढलेला दुसरा फोटो म्हणजे 'हा अजून जिवंत आहे' याचा पुरावा. म्हणून कधी गेलात तर जबडा बघून घ्या, पण बोट शेपटीसाठी बटणावर ठेवा.