सेल लागला, हे यंत्राला कळते कसे?

भोरला खेटून असलेल्या आमच्या उत्रोलीत ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरून रात्री शेताकडे निघायची ती. तिच्या पोटात घालायचे ते सेल. सेल घातले, बटन दाबले, दिवा लागला की सेल लागले; नाही लागला तर उलटे घातले असतील, किंवा उतरले असतील. माणसाला एवढे पुरते. परंतु यंत्राला स्वतःला हे कधी नि कसे कळू लागले, त्याची हकिकत मोठी गमतीची आहे.

आरंभी हे काम जिभेकडे होते. अठराव्या शतकाच्या मध्याला झुल्त्सर नावाच्या गृहस्थाला असे आढळले, की दोन निराळ्या धातूंची टोके एकमेकांस टेकवून जिभेवर धरली की चमत्कारिक चव लागते. पुढे १८०० साली व्होल्टाने जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांची चळत रचून पहिली बॅटरी जगापुढे मांडली. तोही जिभेवर प्रयोग करीत असे. आजही नऊ व्होल्टचा चौकोनी सेल हातात पडला की पोरे त्याला जीभ लावून पाहतात. त्यांना व्होल्टा कोणी सांगितलेला नसतो.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघर नव्हे, तरी गावोगाव आला तो रेडिओबरोबर. १९५३ च्या गांधी जयंतीला आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने त्या केंद्राने एक नामांकित प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली, प्रत्येक गावी श्रोतृमंडळ नेमले, आणि आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे शेतीचे नि गावकीचे २० कार्यक्रम ऐकवले. मंडळी ऐकत, मग चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली त्याची पाहणी केली. त्या काळी वीज फार थोड्या गावांत होती. आमच्या शेजारचे भाटघरचे धरण १९२८ सालीच पुरे झालेले. पण ते बांधले पाटाच्या पाण्यासाठी, आमच्या दिव्यांसाठी नव्हे! वीज नाही तिथे रेडिओ चालायचा तो कोरड्या बॅटरीवर.

आणि ती बॅटरी साधी नव्हती. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन प्रकारचा प्रवाह लागे. व्हॉल्व्हमधली बारीक तार तापवायला दीड व्होल्ट, आणि वरच्या कामासाठी बहुधा नव्वद व्होल्ट. चुकून नव्वदाचे टोक दीडाच्या जागी गेले, तर सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जळून खाक. म्हणून कारागिरांनी प्लगची पायेच अशी कमीजास्त अंतरावर ठेवली, की तो उलटा बसूच नये. मला विचाराल तर यंत्राने बॅटरी ओळखण्याची ही पहिली पायरी. ते ओळखणे डोक्याने नव्हते, अंगाने होते. कुलूप किल्ली ओळखते तसे. बॅटरी खाईल म्हणून अशा पुष्कळ रेडिओंना दिवासुद्धा नसे. खरखर ऐकू आली की समजायचे, लागली!

१९५४ च्या अखेरीस अमेरिकेत पहिला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर विक्रीला आला. त्याची बॅटरी साडेबावीस व्होल्टची होती. (हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.) पुढे ट्रान्झिस्टर खेड्यात आला आणि त्याच्यामागून सेल उन्हात वाळत घालण्याची आपली रीतही आली. लोक हसतात, पण त्यात तथ्य आहे. विसावलेला आणि ऊब मिळालेला सेल थोडा वेळ पुन्हा चालतो. मात्र तो फसवतोही. काम न देता नुसता मोजला तर थकलेला सेल बराचसा ताजा दिसतो. काम दिले की त्याचा दाब ढासळतो. सेल आहे हे कळणे वेगळे आणि सेलात दम आहे हे कळणे वेगळे, हे त्यामुळे ठरले.

मोबाइल आल्यावर यंत्राने हे काम स्वतःकडे घेतले. जुन्या, पाठ उघडणाऱ्या फोनची बॅटरी पाहा. अधिक आणि उणे अशा दोन पट्ट्या पुरेशा असताना तिथे तिसरी दिसते, कधी चौथीही. त्या पट्टीमागे बॅटरीत एक लहानसा रोध असतो. फोन आपल्या बाजूने त्या पट्टीवर ठरावीक दाब धरून ठेवतो. बॅटरी नसेल तर दाब तसाच राहतो. बसली की रोधातून थोडा प्रवाह वाहतो आणि दाब खाली येतो. किती खाली आला यावरून बॅटरी कोणत्या जातीची, तापली आहे का, हेही कळते. काही यंत्रांत ही ओळखीची पट्टी मुद्दाम आखूड ठेवतात. ती सर्वांच्या शेवटी टेकते आणि काढताना सर्वांच्या आधी सुटते. म्हणजे बॅटरी जाणार ही वर्दी ती निघण्याआधीच मिळते, आणि यंत्राला आवराआवर करायला निमिषभर सापडते.

आता ज्या यंत्रापाशी हा प्रश्न चेष्टेचा राहत नाही, तिकडे वळू. केरळात परूर येथे १९८२ च्या मे महिन्यात ५० केंद्रांवर मतदान यंत्र प्रथम वापरले गेले, आणि २००४ च्या लोकसभेला ते देशातल्या सर्व मतदारसंघांत पोचले. ते बॅटरीवर चालते, म्हणूनच डोंगरातल्या वाडीवरही नेता येते. नियंत्रण यंत्राला साडेसात व्होल्टचा पॅक. आणि चिठ्ठी छापणाऱ्या पेटीला किती? साडेबावीस! बटन सरकवले की आवाज येतो, हिरवा दिवा लागतो. मतदानाचे यंत्र जोडलेले नसेल तर पडदा जोडणीची चूक दाखवतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणाच्या मोजणीनंतर काही उमेदवारांनी तक्रार केली, की दिवसभर चाललेल्या यंत्रांत बॅटरी ९९ टक्के कशी? आयोगाचे उत्तर असे, की या पॅकमध्ये फोनसारखे पुन्हा भरायचे सेल नसतात. नवा पॅक साडेसात ते आठ व्होल्ट देतो, आणि ७.४ च्या वर असेपर्यंत पडदा ९९ च दाखवतो. त्याखाली गेला की आकडा उतरू लागतो. उत्तर मला पटते. तरी मी मास्तर आहे. ‘९९ टक्के’ असे लिहिण्याऐवजी ‘सेल ताजा’ एवढेच लिहिले असते तर बरे झाले असते असे वाटते. ज्या लोकांनी टक्के फोनवरच वाचायला शिकले, ते फोनसारखाच अर्थ लावणार.

निवडणुकीच्या कामावर असताना, सकाळच्या चाचणी मतदानाच्या वेळी एका वयस्क प्रतिनिधीने मला विचारले, “गुरुजी, मधेच सेल बदलावा लागला तर आधीची मतं पुसली जातील की हो?”

“नाही हो काका,” मी म्हणालो, “मतं सेलात नसतात.”

ती वेगळ्या स्मृतीत असतात. वीज गेली तरी राहतात. बदलायची वेळ आलीच, तर यंत्र बंद करून प्रतिनिधींच्या देखत पॅक काढायचा, नवा बसवायचा, कप्प्याला पुन्हा मोहोर लावायची आणि त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. काकांनी चष्मा पुसला, आणि मोहोर कुठे असते ते दाखवा म्हणाले.