सर्पगंधेचा प्रवास

स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. वेडालाही औषध नाही, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केवळ खेडुतांची नव्हती; मोठमोठ्या इस्पितळांतील डॉक्टरही मनातून तसेच समजत. औषधे अगदीच नव्हती असे नाही. ब्रोमाइडाने किंवा पॅराल्डिहाइडाने रोग्याला झोप आणता येई. जाग आली की वेड पुन्हा हजर. १९३० नंतरच्या दहा वर्षांत इन्सुलिनने बेशुद्धी आणणे, विजेचा धक्का देणे, मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू कापून टाकणे, असे उपाय निघाले. त्यांपैकी विजेचा उपचार भूल देऊन सुधारलेल्या स्वरूपात आजही टिकून आहे. मेंदूवरील त्या शस्त्रक्रियेला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि थोड्याच वर्षांत ती डॉक्टरांनाच नकोशी झाली. पारितोषिक आणि सत्य यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे आपल्याला त्याचा उपयोग आहे.

१९५२ ते १९५४ या दोन-तीन वर्षांत हे चित्र पालटले. दोन औषधे जवळजवळ एकाच वेळी पुढे आली. एक क्लोरप्रोमाझिन, ते फ्रान्समधील कारखान्यात तयार झाले आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळात डिले व देनिकर यांनी ते वेडाच्या रोग्यांवर वापरले. दुसरे रेसर्पिन; ते आपल्याकडच्या एका झुडपाच्या मुळातून निघाले. त्या झुडपाचे नाव सर्पगंधा. मराठीत अडकई हेही तिचे एक नाव आहे.

या दुसऱ्या औषधाची गोष्ट निघाली की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते, पाश्चात्त्यांनी फक्त बाटलीत भरले. दुसरा म्हणतो, आमच्याकडे होता तो आजीबाईचा बटवा, शास्त्र त्यांचे. आमच्या मते हे दोन्ही पक्ष तारखा न पाहता बोलतात. म्हणून तारखांच्या क्रमानेच चालू.

जुन्या संहितांत सर्पगंधा हे नाव आढळते, पण त्या नावाची वनस्पती हीच, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात सापाच्या विषावरील मुळ्यांचे वर्णन आहे, त्यांतील एक बहुधा ही असावी. मुंगूस सापाशी झुंजण्यापूर्वी अशी मुळी खाते, ही आपल्याकडची समजूतही त्याने टिपून ठेवली आहे. पुढे युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याचे नाव दिले. हा गृहस्थ सोळाव्या शतकात पूर्वेकडे फिरला खरा, पण हिंदुस्थानापर्यंत पोहोचलाच नाही. ज्याने झाड पाहिले नाही त्याचे नाव झाडाला लागले, आणि ज्यांनी शतकानुशतके मुळी उगाळली त्यांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत. बिहारात मात्र लोकांनी तिला सरळ नाव दिले होते: ‘पागल की दवा’. तेव्हा ज्ञान होते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, त्या ज्ञानाचे वय किती आणि त्याची खात्री कशी करावी?

ती खात्री करण्याचा पहिला प्रयत्न येथेच झाला, आणि तोही एकाच वर्षी दोन ठिकाणी. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातील संशोधनशाळेत सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी सर्पगंधेच्या मुळातून अल्कलॉइडे वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतील एकाला अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याला गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी एका भारतीय वैद्यकीय मासिकात लेख लिहून सांगितले की, या मुळीच्या चूर्णाने रक्तदाब उतरतो आणि अनावर झालेला वेडा शांत होतो. हे गणनाथ सेन लक्षात ठेवण्याजोगे पुरुष होत. कविराजांच्या घराण्यात जन्मले, पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतली आणि शारीरशास्त्रावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. दोन्ही पक्षांना गैरसोयीचा असा हा माणूस होता.

तथापि या लेखानंतर जवळजवळ वीस वर्षे जगाने काही हालचाल केली नाही. पारतंत्र्य हे एक कारण आहेच. कलकत्त्याचे मासिक लंडनला कोण उघडणार? परंतु सारा दोष लंडनवर टाकून आम्हांला मोकळे होता येत नाही. मुळीच्या गोळ्या येथल्या बाजारात खपू लागल्या, वैद्य-डॉक्टर त्या देऊ लागले, गुण येऊ लागला. आणि गुण येतो म्हटल्यावर मोजमाप करण्याची निकड कोणाला वाटेना. आपल्याकडे औषधाला यश आले की चौकशी संपते. खरे तर ती तेथून सुरू व्हावयास हवी.

ती सुरू केली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. के. ई. एम. रुग्णालयाशी संबंध असलेले हे हृदयविकारतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना सर्पगंधा देऊन, औषधापूर्वीचे व नंतरचे आकडे मांडून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मुळी तीच, गुणही तोच. भर पडली ती आकड्यांची आणि ते योग्य ठिकाणी छापल्याची. एवढ्याने चक्रे फिरली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी १९५२ साली मुळातील नेमका गुणकारी भाग वेगळा काढला, तेच रेसर्पिन. बॉस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी ते रक्तदाबासाठी दिले, तेव्हा रोगी रक्तदाबाबरोबर मनानेही निवळतात असे त्यांना दिसले. बिहारच्या खेड्यातील म्हातारीला हे सांगितले असते तर तिने बहुधा मान हलवून ‘मग?’ एवढेच विचारले असते.

१९५३ साली अहमदाबादचे डॉ. हकीम हे वेडावर सर्पगंधा देतात, ही बातमी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात झळकली. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयात नेथन क्लाइन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या रोग्यांवर प्रयोग केला आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या प्रयोगाची एक हकीकत सांगतात. रुग्णालयात फुटलेल्या काचा बसविणारा एक कारागीर होता. औषध सुरू झाल्यावर काही खोल्यांतील काचा फुटण्याचे प्रमाण एकदम उतरले, हे आधी त्याच्या ध्यानात आले. मनाच्या शांतीचे असे रोकडे माप आमच्या वाचनात दुसरे नाही. या औषधांपूर्वी अशा इस्पितळांतील दिवस कसे जात असतील, याची कल्पनाही त्या काचांवरून यावी.

पुढे मुळीला सोन्याचा भाव आला. जंगले खणली जाऊ लागली, तेव्हा १९५५ च्या सुमारास भारत सरकारने कच्च्या मुळीच्या निर्यातीला बंदी केली. परदेशी कारखान्यांनी आफ्रिकेतील एका भाऊबंद झाडाकडे मोर्चा वळविला, आणि १९५६ साली अमेरिकेत वुडवर्ड यांनी रेसर्पिन प्रयोगशाळेतच घडवून दाखविले. १९५७ साली लास्कर हे अमेरिकेतील वैद्यकाचे मोठे पारितोषिक सहा जणांना वाटून देण्यात आले. त्यांत मुंबईचे वकील होते, क्लाइन होते, कॅलिफोर्नियाचे नोस होते, आणि क्लोरप्रोमाझिनसाठी लाबोरी, देनिकर व लेहमान होते. गणनाथ सेन तोवर हयात नव्हते. कार्तिकचंद्र बोस किंवा अहमदाबादचे हकीम यांची नावे त्या यादीत नाहीत. पारितोषिकांविषयी आरंभी जे म्हटले ते येथेही लागू आहे.

आता गोष्टीचा जो भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, तो येथून पुढे आहे. आणि अभिमानाच्या भाषणांत तो सहसा येत नाही. वेडावरचे औषध म्हणून सर्पगंधा फार दिवस टिकली नाही. क्लोरप्रोमाझिन व त्याच्या वंशातील औषधे अधिक लवकर आणि अधिक खात्रीने लागू पडत. रेसर्पिनने हात कापू लागत, अंग ताठरे, रक्तदाब नको तितका उतरे. पण त्याच्या या दोषांनीच शास्त्राला मेंदूचे दार उघडून दिले. १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी व त्यांचे सहकारी यांना दिसले की, रेसर्पिनने मेंदूतील सिरोटोनिन या द्रव्याचा साठा रिता होतो. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग डोपा हे द्रव्य टोचताच ते थोड्या वेळात उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतील डोपामिन हे द्रव्य हरपते आणि ते परत मिळाले की हालचाल परत येते, असा त्याचा अर्थ निघाला. कंपवाताच्या रोग्याला आज जे औषध देतात त्याचा उगम या सशांत आहे, आणि कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या मालिकेतील कामाबद्दल. छिन्नमनस्कतेची बहुतेक औषधे डोपामिनला अडवून काम करतात, हे कळण्याची वाटही येथूनच गेली.

याच मुळीने एक मोठा वादही मागे ठेवला. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रोगी खोल विषण्ण होतात, असे १९५० नंतरच्या दशकात डॉक्टर लिहू लागले. मेंदूतील द्रव्ये आटली म्हणून मन आटले, असा तर्क त्यावरून उभा राहिला. १९६५ साली शिल्डक्राउट यांनी त्याला रीतसर सिद्धांताचे रूप दिले, आणि १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या जगभर याच कल्पनेच्या खांद्यावर बसून गेल्या. गंमत अशी की, १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस व शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व विषण्ण रोग्यांचे दोन गट पाडून, एकाला रेसर्पिन व दुसऱ्याला खोटी गोळी देऊन पाहिले होते, आणि रेसर्पिनने रोग्यांना उलट बरे वाटले होते. मनोरोगांच्या क्षेत्रातील अशा काटेकोर चाचण्यांत ही अगदी आरंभीची. तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, कारण सोयीची गोष्ट दुसरीच होती. २०२२ साली लंडनच्याच संशोधकांनी सारा पुरावा एकत्र तपासून सांगितले की, सिरोटोनिन कमी झाल्याने विषण्णता येते याला भक्कम आधार नाही. याचा अर्थ त्या गोळ्या निरुपयोगी असा नव्हे. त्यांनी पुष्कळांना गुण येतो. औषध लागू पडते, पण ते का लागू पडते याचे आपले उत्तर अपुरे होते, इतकाच अर्थ. कोणीही ऐकीव गोष्टीवरून चालू गोळी बंद करू नये.

आज वेडासाठी रेसर्पिन जवळजवळ कोणी देत नाही. पण पेशीतील ज्या जागेवर ते काम करी, त्याच जागेवर काम करणारी दोन औषधे २०१७ साली अमेरिकेत मान्य झाली. तीही वेडावरील औषधे वर्षानुवर्षे घेऊन ज्यांचे तोंड व जीभ आपोआप वळवळू लागते, त्यांच्यासाठी. एका औषधाची बाधा दुसऱ्या औषधाच्या चुलतभावाने आवरावी, असा हा योग. २०२४ साली तेथे छिन्नमनस्कतेवर झॅनोमेलीन हे औषध एका जोडऔषधासह मंजूर झाले. डोपामिनला थेट न अडविणारे असे औषध कित्येक दशकांत प्रथमच आले. या झॅनोमेलीनचा नमुना सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यावरून घेतलेला आहे. हे ऐकून कोणी पानाचा डबा जवळ ओढू नये. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, हे अधिक पक्के सिद्ध झालेले आहे.

मुळी ठाऊक होती, तिचा पडताळाही झाला. परंतु उपचार रोग्याच्या दारापर्यंत पोहोचला काय? तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयगृहाला आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण दगावले. ज्या देशात ‘पागल की दवा’ उगवते, तेथे रेसर्पिन निघाल्यानंतर ४९ वर्षांनी ही साखळी होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना काही ना काही मनोविकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. २०१७ च्या कायद्याने रोग्याला साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आणि उपचार मिळणे हा हक्क मानला. कायदा चांगला आहे. मनोविकारतज्ज्ञ मात्र कायद्याने निर्माण होत नाहीत.

या अडचणीवर गोव्यात एक वाट शोधली गेली. तेथील संगत संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. विषण्णता व चिंता यांनी पिडलेल्यांशी बोलणे, आजार समजावून सांगणे, पुन्हा भेटणे, औषध सुटू न देणे, अशी त्यांची कामे. डॉक्टर औषधापुरते आणि तज्ज्ञ अडल्या रोग्यापुरता. सरकारी आरोग्यकेंद्रे व खाजगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी चिठ्ठ्या टाकून केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत नेहमीच्या उपचारापेक्षा या पद्धतीने अधिक रोगी बरे झाले. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. आणि त्याचे एक संभाव्य कारण असे मांडले गेले की, तेथील डॉक्टर घरच्यासारखा ओळखीचा असतो, रोग्याची चौकशी तो आधीपासूनच करीत आला होता.