भिंत आणि रिंग

घाटावरचे पाणी आणि घाटाखालची वीज हे नाते आपल्या दोन तालुक्यांना नवे नाही. खोपोलीचे वीजघर 1915 साली चालू झाले, भिवपुरीचे 1922 साली. याच सह्याद्रीत दक्षिणेला पुढे कोयनेचे धरण झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. धक्का मुंबईपर्यंत जाणवला. 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, तरी ते टिकले. दगडमातीची घरे मात्र टिकली नाहीत.

आज कर्जत-खालापुरात उंच इमारती उठत आहेत. अशा इमारतींत भूकंपाचा आडवा जोर झेलण्यासाठी तळापासून माथ्यापर्यंत सळईबंद काँक्रीटची सलग भिंत घालतात. कामावर तिला शिअर वॉल म्हणतात.

भिंत जितकी ताठ तितकी भक्कम, असे मलाही वाटे. शास्त्र वेगळे सांगते. मोठ्या धक्क्यात भिंतीने थोडे वाकावे, पायथ्याची सळई ताणली जाऊन धक्क्याचा जोर तिथे जिरावा. पण भिंत तुटू नये. चिली देशात 1985 च्या भूकंपात अशा भिंतींनी बहुतेक इमारती राखल्या. मग विश्वास वाढला, इमारती उंच आणि भिंती पातळ झाल्या, कडांना पुरेशा रिंगा राहिल्या नाहीत. 27 फेब्रुवारी 2010 रोजी कित्येक भिंतींच्या कडा चिरडल्या. कन्सेप्सिओन शहरात एक नवी पंधरा मजली इमारत आडवी झाली.

आपल्याकडे यासाठी भारतीय मानक 13920 हे 1993 साली निघाले. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारी उद्ध्वस्त झाले. त्या मानकात एक बारीक नियम आहे: रिंगेचे टोक काटकोनात न सोडता 135 अंशांत आत वळवावे. काटकोनी टोक हादऱ्यात उघडते, आतले काँक्रीट सुटते, उभी सळई बाहेर वाकते आणि भिंत बसते.

हा आकडा नकाशावर इंजिनियर लिहितो. वळवतो मात्र फिटर. युनियनच्या कामात एका फिटरला मी हे समजावले. तो म्हणाला, “भाऊ, पैसे टनावर मिळतात. टोक आत वळवायला वेळ जातो. त्या वेळेचे पैसे कोण देणार?”

माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आज एवढे कळते की मजुरीचा दर हाही इमारतीच्या बळकटीचाच भाग आहे. काँक्रीट पडल्यावर रिंग कोणालाच दिसत नाही. म्हणून ते पडण्याआधी ती पाहायला मागा, आणि ती वळवणाऱ्याला काय मिळते तेही विचारा.