बारा फोटो

परवा मामाकडे गेलो होतो. नव्या कॅमेऱ्याचं कौतुक सुरू केलं, तर त्याने कपाटातून आग्फा क्लिक थ्री काढला. १२० चा रोल, फोटो फक्त १२! सेटिंग म्हणजे ऊन की ढग, बस्स. "तुझ्या आजीचा भिंतीवरचा फोटो ह्यातलाच. रोलमधला शेवटचा."

गंमत बघा, फिल्म विकणाऱ्या कोडॅकमध्येच १९७५ साली स्टीव्ह सॅसनने डिजिटल कॅमेरा बनवला. १०० बाय १०० पिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद! जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. मामाला त्याचं काही नाही.

"फोनमध्ये भाऊजींचे किती आहेत रे?" त्याने विचारलं.

चार हजारांत शोधत बसलो. बाबांचे सापडले तीन, त्यातले दोन हललेले.